साठा सारखा, धरणं वेगळी: एका तुलनात्मक निबंधाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला भूगोलाच्या अंतर्गत मूल्यमापनासाठी तुलनात्मक निबंध होता. विषय ‘महाराष्ट्रातील कोणत्याही दोन धरणांची तुलना’. शब्दमर्यादा १२००, गुण २०, मुदत १४ दिवस. पहिल्या खर्ड्यावर शेरे मिळाल्यानंतर सात दिवसांत सुधारित निबंध देण्याची मुभा होती आणि दोन्हींपैकी जास्तीचे गुण धरले जाणार होते. त्यामुळे या प्रकरणात पहिला खर्डा, मधले तक्ते आणि शेवटचा निबंध असे तिन्ही टप्पे शाबूत आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

विद्यार्थिनीने कोयना आणि जायकवाडी ही धरणं घेतली. जायकवाडी घरचं, कारण तिच्या वडिलांची जमीन डाव्या कालव्यावर. कोयना ‘सगळ्यात मोठं’ म्हणून. ही निवड तिने पाच मिनिटांत केली. चांगली होती, पण का चांगली होती ते तिला बऱ्याच दिवसांनी कळलं.

तिच्या हातात आलेलं लिहिण्याचं वळणही आधीच सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे शाळेत तुलना शिकवली जाते ती ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नातून. पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे एक, उजवीकडे दुसरं, चार मुद्दे, चार गुण. त्या प्रश्नाला साम्य नको असतं आणि कारणही नको असतं. पाच-सात वर्षं हे केलेल्या मुलाला बाराशे शब्दांची तुलना लिहायला सांगितली की तो उभी रेघ पुसतो आणि डावी बाजू आधी, उजवी बाजू नंतर लिहून मोकळा होतो. दोष मुलाचा कमी, सवयीचा जास्त.

अडचण

पहिला खर्डा १६४० शब्दांचा झाला. प्रस्तावना १५०, कोयना ९८०, जायकवाडी ४३०, समारोप ८०. समारोपाचं शेवटचं वाक्य होतं: ‘अशा प्रकारे दोन्ही धरणे महाराष्ट्राच्या विकासात महत्त्वाची आहेत.’ या वाक्यात कुठल्याही दोन धरणांची नावं घातली तरी ते खरंच राहतं. निबंधाचा निष्कर्ष असा सगळ्यांना लागू पडत असेल, तर तो या निबंधाचा नाही.

गुण मिळाले ८. शेरे घ्यायला ती गेली तेव्हा बोलणं थोडक्यात झालं.

“अगं, तू एक निबंध लिहिला नाहीस, दोन लिहिलेस.”

“पण सर, दोन्हींची सगळी माहिती आलीय ना?”

“माहिती आलीय. तुलना कुठंय ते दाखव. एक वाक्य दाखव, ज्यात दोन्ही धरणं आहेत.”

सोळाशे शब्दांत अशी चार वाक्यं निघाली. दोन प्रस्तावनेत, दोन समारोपात.

शिक्षकांनी तीन गोष्टी लिहून दिल्या होत्या. पहिली, शब्दांचा तोल. ज्या धरणाच्या पाण्यावर घर चालतं त्याला ४३० शब्द आणि पुस्तकात वाचलेल्या धरणाला ९८०, हे उलटं कसं झालं? तिचं उत्तर प्रामाणिक होतं: जायकवाडीचं सगळ्यांना माहीतच आहे, त्यात काय लिहायचं. ओळखीच्या बाजूवर कमी लिहिलं जाणं ही या प्रकारच्या निबंधातली हमखास चूक आहे. जे आपल्याला उघड वाटतं ते कागदावर उतरतच नाही.

दुसरी, आकड्यांची. खर्ड्यात कोयनेची क्षमता १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि जायकवाडीची ७६ टीएमसी दिली होती आणि त्यावरून ‘कोयना जायकवाडीपेक्षा बरीच मोठी’ असं म्हटलं होतं. पण १०५.२५ हा कोयनेचा एकूण साठा आहे, तर ७६.६७ हा जायकवाडीचा उपयुक्त साठा. एकूण साठ्यात मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाखाली राहणारं पाणी, धरलेला असतो, उपयुक्त साठ्यात नसतो. जायकवाडीचा एकूण साठा १०२.७३ टीएमसी. म्हणजे एकूण साठा एकूणशी ताडला तर फरक जेमतेम अडीच टीएमसी. एका चुकीच्या ओळीने निबंधातली सर्वात महत्त्वाची गोष्ट झाकून टाकली होती. शिवाय त्याच खर्ड्यात दुसरीकडे कोयनेला ९८.८ टीएमसी असंही लिहिलं होतं. तो जुन्या पुस्तकातला आकडा, दरवाजांची उंची वाढवण्याआधीचा. दोन पुस्तकांतून दोन काळांचे आकडे आले आणि तिला ते जाणवलं नाही.

तिसरी, जोडी नसलेले परिच्छेद. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपावर २१० शब्द होते. जलाशयाला तळातून भोक पाडून बोगद्याला जोडण्याचं काम, म्हणजे १९९९ आणि २०१२ मधलं लेक टॅपिंग, त्यावर १४० शब्द. दोन्ही वाचनीय. पण जायकवाडीच्या बाजूला त्यांच्यासमोर ठेवायला काहीच नव्हतं.

पुढे काय करता येत होतं

हातात सात दिवस. चार वाटा होत्या.

सर्वात स्वस्त वाट म्हणजे मांडणी तशीच, धरणनिहाय ठेवायची आणि जायकवाडीच्या भागात मुद्द्यांचा क्रम कोयनेसारखाच लावायचा, प्रत्येक मुद्द्याला ‘कोयनेच्या तुलनेत’ अशी मागची आठवण द्यायची. दोन-तीन तासांचं काम. पाचशे शब्दांच्या निबंधाला ही मांडणी चालते, कारण वाचकाच्या डोक्यात पहिली बाजू अजून ताजी असते. बाराशे शब्दांत तसं होत नाही. सहाशे शब्दांपूर्वी वाचलेली भिंतीची लांबी कुणाच्या लक्षात राहते?

दुसरी, आधी सगळी साम्यं, मग सगळे भेद. कोयना आणि जायकवाडीत साम्यं मोजकी आणि भेद ढीगभर, त्यामुळे निबंध एका बाजूला कलंडला असता. ही मांडणी खरी शोभते ती वरवर सारख्या दिसणाऱ्या जोडीला.

तिसरी, मुद्देनिहाय. एक मुद्दा घ्यायचा, त्यावर दोन्ही धरणं एकाच परिच्छेदात आणायची, मग पुढचा मुद्दा. संपूर्ण पुनर्लेखन, अंदाजे दहा-बारा तास. धोका हा की वाचक टेनिसचा सामना पाहिल्यासारखा इकडून तिकडे मान फिरवत बसतो.

चौथी वाट शिक्षकांनी सुचवली होती: जोडीच बदलायची, जायकवाडी आणि उजनी घ्यायची. दोन्ही पसरट, दोन्ही वरच्या धरणांवर अवलंबून. पण त्यासाठी नव्याने वाचन लागलं असतं आणि सात दिवसांत वाचन आणि लेखन दोन्ही जमलं नसतं. ही वाट सोडली. (तिच्याबद्दल शेवटी पुन्हा.)

मुद्देनिहाय मांडणी ठरली. मात्र लगेच लिहायला बसायचं नाही, आधी दोन दिवस फक्त तक्ता, ही शिक्षकांची अट.

काय केलं

*तक्ता आणि तिसरा रकाना.* पहिल्या दिवशी तिने वहीत आडव्या ओळी आखल्या: नदी, जिल्हा, बांधकामाचा काळ, भिंतीचा प्रकार, लांबी-उंची, पाणलोट क्षेत्र, साठा, बुडीत क्षेत्र, वीज, सिंचन, अभयारण्य, भूकंप, विस्थापन, वाद. चौदा ओळी, दोन रकाने. इथवर ‘फरक स्पष्ट करा’च. फरक पडला तो तिसऱ्या रकान्याने. त्याचं शीर्षक होतं ‘म्हणून काय?’ आणि नियम असा की या रकान्यात एक पूर्ण वाक्य लिहिता आलं नाही तर ती ओळ कापायची.

‘बांधकामाचा काळ’ लगेच गेली. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते आणि उद्घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते झालं, हे खरं. पण म्हणून काय, याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. भूकंपाची ओळ तिला सोडवेना. दीड तास त्यात गेला. शेवटी तीही कापली, कारण जायकवाडीच्या रकान्यात ‘लागू नाही’ याशिवाय लिहिण्यासारखं काही नव्हतं. हे बरोबरच झालं. तुलनेत एखादी गोष्ट कितीही मोठी असली तरी समोरची बाजू रिकामी असेल, तर ती फार तर अर्ध्या वाक्यात येते.

अभयारण्याची ओळ उलट्या कारणाने अवघड होती. दोन्ही रकाने छान भरत होते: कोयना अभयारण्य १९८५ चं, जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ चं. इतकी जुळणारी ओळ पाहिली की ती निबंधात घालायचा मोह होतोच. पण जुळतं म्हणून घ्यायचं नाही. शेवटी तिने ओळीतला एकच भाग ठेवला: नाथसागराचे, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचे, काठ उथळ, म्हणून तिथे हिवाळी पाहुणे पक्षी येतात. हा भाग राहिला कारण तो खोलीच्या मुद्द्याला जाऊन मिळत होता.

चौदातून सहा ओळी उरल्या: पाणलोट, भिंत, साठा, बुडीत क्षेत्र, वापर, वाद.

*आकडे एका मापात.* दुसऱ्या दिवशी सगळे आकडे एकाच एककात आणले. आपल्याकडे वर्तमानपत्रांत टीएमसी असतो. जलसंपदा खात्याच्या तक्त्यांत दशलक्ष घनमीटर, म्हणजे दलघमी. १ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. कोयनेचा एकूण साठा त्या हिशेबाने सुमारे २९८० दलघमी, जायकवाडीचा २९०९.

मापं एक झाल्यावर एक गोष्ट फुकटात हाती लागली. दलघमीला चौरस किलोमीटरने भागलं की उत्तर थेट मीटरमध्ये येतं. कोयनेचा जलाशय सुमारे ११५ चौरस किलोमीटर, नाथसागर सुमारे ३५०. भागाकार केला तर कोयनेच्या पाण्याची सरासरी खोली सुमारे २६ मीटर, जायकवाडीच्या पाण्याची सुमारे ८. ही दोन उत्तरं तिच्या कुठल्याही पुस्तकात नव्हती. तिचा निबंध माहितीच्या पलीकडे गेला तो या ठिकाणी.

पाणलोट क्षेत्राची ओळ त्याहून बोलकी निघाली. कोयनेमागे सुमारे ८९२ चौरस किलोमीटर, जायकवाडीमागे २१,७५०. जवळजवळ चोवीस पट. तरी साठवायची जागा तेवढीच! कारण सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वर-नवजा-कोयनानगर पट्ट्यात, एका मोसमात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. गोदावरीचं वरचं खोरं नाशिकच्या घाटमाथ्यावर भिजतं, पण पुढे अहिल्यानगरकडे येईपर्यंत पर्जन्यछायेत जातं. शिवाय त्या एकवीस हजार चौरस किलोमीटरवर गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा अशी धरणं आधीच बसलेली.

*मध्यवर्ती विधान, तीन वेळा.* पहिलं विधान ‘दोन्ही महत्त्वाची’ बाद झालंच होतं. दुसरं लिहिलं: ‘कोयना विजेसाठी, जायकवाडी शेतीसाठी.’ हे चूक नाही. कोयनेची स्थापित क्षमता १९६० मेगावॅट, जायकवाडीच्या पैठण वीजकेंद्राची १२. पण हे दहावीच्या मुलालाही ठाऊक असतं आणि ते अर्धवटही आहे: सांगलीकडच्या ताकारी आणि टेंभू उपसा योजना कोयनेतून सोडलेल्या पाण्यावर चालतात आणि छत्रपती संभाजीनगरचं पिण्याचं पाणी जायकवाडीतून येतं. वाचक ज्यावर मान डोलावून पुढे जाईल ते विधान बाराशे शब्द पेलत नाही.

तिसरं विधान तक्त्यातून आलं:

‘कोयना आणि जायकवाडी यांचा एकूण साठा जवळजवळ सारखा आहे, पण एकाचं पाणी अरुंद खोऱ्यात खोल उभं आहे आणि दुसऱ्याचं सपाटीवर पसरलं आहे. म्हणून कोयनेचा वाद पाणी कुठे सोडायचं याचा आहे आणि जायकवाडीचा वाद पाणी येणार किती याचा.’

या विधानात साम्य आहे, भेद आहे, भेदाचं कारण आहे आणि त्याचा परिणामही आहे. निबंधाचा क्रम यातूनच ठरला. ‘आता कुठला मुद्दा आधी घेऊ?’ हा प्रश्न पुन्हा पडला नाही.

एक अडचण मात्र उरली. ‘जवळजवळ सारखा’ हे एकूण साठ्यापुरतंच खरं. उपयुक्त साठा कोयनेचा सुमारे १००, जायकवाडीचा ७६.६७. कोयनेचा मृतसाठा सुमारे ५ टीएमसी, जायकवाडीचा २६. हे लपवलं तर विधान पोकळ आणि सांगितलं तर साम्य डळमळतं. तिने ते तिसऱ्या परिच्छेदात उघड मांडायचं ठरवलं: कागदावरचं पाणी सारखं, पण जायकवाडीतलं चौथा हिस्सा पाणी कालव्याच्या तोंडाखाली राहतं. असा अडचणीचा आकडा आपणच पुढे आणला की तो आपल्याच बाजूने बोलतो.

*शब्दांचं अंदाजपत्रक.* प्रस्तावना १२०, पाणलोट आणि पाऊस ३००, भिंत-खोली-साठा २५०, वापर २२०, वाद २३०, समारोप ८०. बेरीज १२००. पहिला मुद्दा मुद्दाम मोठा, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. सगळ्या मुद्द्यांना समान शब्द द्यायचे नसतात. समान द्यायचे ते एका मुद्द्यातल्या दोन बाजूंना.

*दुसरा खर्डा आणि ‘तर’चा रोग.* चौथ्या दिवशी लिहिलेला खर्डा ठरल्याप्रमाणे मुद्देनिहाय होता आणि तरी वाचवत नव्हता. कारण सापडलं दोन रंगांच्या पेनांनी. कोयनेच्या वाक्याखाली निळी रेघ, जायकवाडीच्या वाक्याखाली लाल. पहिल्या खर्ड्यात दोन सलग ठोकळे दिसले होते. या खर्ड्यात एकाआड एक पट्टे दिसले, अगदी सतरंजीसारखे. ‘कोयनेची अमुक, तर जायकवाडीची तमुक’ हा साचा सतरा वेळा आला होता. उभी रेघ पानावरून गेली होती, वाक्याच्या मध्यात येऊन बसली होती.

उपाय असा केला: परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात दोन्ही धरणं आणि त्या मुद्द्याचं म्हणणं, मग तीन-चार वाक्यं एका धरणावर सलग, मग तीन-चार दुसऱ्यावर, शेवटी, गरज असेल तरच, जोडणारं एक वाक्य. ‘तर’ एका परिच्छेदात एकदाच.

मराठीत जोडायला पुष्कळ साधनं आहेत आणि बहुतेक निबंधांत ती वापरलीच जात नाहीत. जसं-तसं, जिथे-तिथे, जितकं-तितकं, जे इथे घडतं तेच तिथे. या जोड्या दोन गोष्टींना एकाच श्वासात धरतात. मात्र जपून. तिने एके ठिकाणी लिहिलं होतं, ‘कोयनेची भिंत जितकी उंच तितकीच जायकवाडीची लांब.’ ऐकायला झकास, पण खोटं. ‘जितकं-तितकं’ प्रमाण सांगतं. १०३ मीटर उंची आणि दहा किलोमीटर लांबी यांत तसलं काही प्रमाण नाही. वाक्य काढलं. त्याचप्रमाणे ‘उलट’ आणि ‘मात्र’ एकच नव्हेत: ‘उलट’ दोन टोकं दाखवतं, ‘मात्र’ आधीच्या म्हणण्याला मर्यादा घालतं.

भिंतीचा परिच्छेद दोन्ही रूपांत पाहण्यासारखा आहे. पहिल्या खर्ड्यातून जुळवलेलं रूप:

‘कोयना धरणाची लांबी ८०७ मीटर व उंची १०३ मीटर आहे, तर जायकवाडी धरणाची लांबी सुमारे १० किलोमीटर व उंची सुमारे ४१ मीटर आहे. कोयना धरण दगडी काँक्रीटचे आहे, तर जायकवाडी धरण मातीचे आहे.’

शेवटचं रूप:

‘जवळजवळ तेवढंच पाणी अडवायला कोयनेला आठशे मीटरची भिंत पुरली, जायकवाडीला दहा किलोमीटरची बांधावी लागली. कोयनेचं खोरं दोन्ही अंगांनी डोंगरांनी आवळलेलं. तिथे भिंत आखूड आणि १०३ मीटर उंच, म्हणून पाणी वर वर चढत गेलं. पैठणला गोदावरीच्या काठांना आवळणारं काहीच नाही. तिथे मातीचा बांध पसरत न्यावा लागला आणि ४१ मीटर उंचीच्या त्या बांधामागे पाणीही पसरत गेलं. सरासरी खोली कोयनेत सुमारे २६ मीटर, नाथसागरात सुमारे ८. उथळ, रुंद पाण्याला ऊन जास्त लागतं; मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाने जाणारं पाणी हा जायकवाडीच्या हिशेबातला कायमचा खर्च आहे.’

आकडे जवळजवळ तेच. दुसऱ्या रूपात आकड्याला काम लावलं आहे.

*वादाचा परिच्छेद.* इथे तिने धरणांचा क्रम उलटा करून जायकवाडी आधी घेतली होती, ‘बदल म्हणून’. शिक्षकांनी तो पुन्हा सरळ करायला लावला. चार परिच्छेद कोयना आधी वाचलेला वाचक पाचव्यातही तीच अपेक्षा धरतो. विनाकारण उलटापालट केली की ‘त्याचा’, ‘तिथे’ ही सर्वनामं कुणाची ते कळेनासं होतं. सरळ क्रमात परिच्छेद असा बसला: कोयनेचं पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पोफळीकडे सोडून वीज होते आणि मग ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं, कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणून प्रश्न असतो पश्चिमेला किती आणि पूर्वेला, कृष्णेच्या पात्रात, किती. जायकवाडीत प्रश्न त्याआधीचा: वरच्या धरणांनी किती सोडायचं. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातली समन्यायी पाणीवाटपाची तरतूद आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीतला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला तर वरून पाणी सोडण्याचं सूत्र, हे तिथे आलं.

याच परिच्छेदात तिने घरचं एकच वाक्य घातलं: कालव्याला यंदा किती आवर्तनं (पाणी सोडण्याच्या पाळ्या) मिळणार, हे पैठणचा शेतकरी नाशिकच्या पावसाच्या बातमीवरून ताडतो. आवर्तन हा शब्द पहिल्या खर्ड्यात कुठेच नव्हता.

निकाल

सुधारित निबंध १२३५ शब्दांचा झाला, गुण १५. दोन्ही धरणांचे शब्द आता जवळपास सारखे आणि दोन्ही धरणं एकत्र असलेली वाक्यं चारावरून एकोणीसवर गेली.

कापलेले पाच गुण कुठे गेले तेही नोंदवायला हवं. दोन गेले समारोपात: प्रस्तावनेतलं विधान तिथे शब्द बदलून पुन्हा आलं होतं. एक गेला वापराच्या परिच्छेदात. वेळ संपत आल्यावर लिहिल्यामुळे तिथे ‘तर’चा साचा परत आला आणि कालव्यांची लांबी (डावा २०८ किलोमीटर, उजवा १३२) समोर काहीही न ठेवता तशीच सोडली होती. उरलेले दोन विस्थापन पूर्ण वगळल्याबद्दल.

वेगळं काय करता आलं असतं

विस्थापनाची ओळ कापण्याचा निर्णय सर्वात वादग्रस्त. तिने ती कापली कारण तिला मिळालेल्या दोन स्रोतांत एकीकडे गावांची संख्या होती, दुसरीकडे कुटुंबांची. एका मापात येईनात. आकडे ताडता येत नाहीत म्हणून मुद्दाच सोडायची गरज नव्हती. खोल, अरुंद जलाशय दरीतली गावं बुडवतो, पसरट जलाशय सपाटीवरची काळी जमीन. हा भेद एकाही आकड्याशिवाय लिहिता आला असता आणि तिच्याच मध्यवर्ती विधानात बसला असता. ‘म्हणून काय?’ची चाळणी कडक लावली की असे बळी जातात. कापलेल्या ओळी खोडण्याऐवजी वेगळ्या पानावर ठेवून, विधान पक्कं झाल्यावर पुन्हा एकदा चाळायला हव्या होत्या. विस्थापनाची ओळ पहिल्या दिवशी कापली गेली आणि विधान तिसऱ्या दिवशी सापडलं. गडबड या क्रमात आहे.

समारोपासाठी ८० शब्द ठेवले होते, पण त्यात काय येणार हे ठरवलं नव्हतं. वाक्य मोजून ठेवण्यापेक्षा प्रश्न ठेवायला हवा होता. उदाहरणार्थ, जायकवाडीचा मृतसाठा दुष्काळात पिण्यासाठी उपसला जातो, तेव्हा ‘उपयुक्त’ आणि ‘मृत’ ही विभागणी नेमकी कुणाच्या उपयोगाची? निबंधात पेरलेला आकडा तिथे फळाला आला असता.

वेळेचाही हिशेब आहे. पहिल्या चौदा दिवसांपैकी तिने अकरा वाचनात आणि तीन लेखनात घालवले, तक्त्याला शून्य. सुधारित फेरीत दोन दिवस तक्ता, एक दिवस विधान आणि अंदाजपत्रक, तीन दिवस लेखन, एक दिवस रंगीत पेनं आणि दुरुस्ती. तक्ता आधीच असता तर लेक टॅपिंगवर वाचलेली चाळीस पानं वाचायची वेळ आली नसती.

आणि जोडीची निवड. कोयना-जायकवाडी ही जोडी चांगली ठरली, कारण एक आकडा जुळला आणि बाकीचे फटकून राहिले. पण हे नशिबाने झालं. उजनीची वाट जास्त कठीण आणि जास्त फळ देणारी होती: जायकवाडी आणि उजनी वरवर इतकी सारखी की भेद खणून काढावा लागतो आणि तो मृतसाठ्यात सापडतो. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसीपैकी ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त. सात दिवसांत ते जमलं नसतं हे खरं. पहिल्या दिवशी निवड करताना तीन जोड्यांचे पाच-पाच आकडे तासाभरात मांडून पाहिले असते, तर निवड डोळसपणे झाली असती.

एक चूक शिक्षकांच्या बाजूचीही होती. ‘कोणत्याही दोन धरणांची तुलना’ या विषयात तुलना कशासाठी करायची ते कुठेच नाही, त्यामुळे माहितीचा ढीग हेच त्याचं स्वाभाविक उत्तर. पुढच्या तुकडीसाठी तो असा बदलला: ‘ज्यांचा कोणताही एक आकडा जवळजवळ सारखा आहे अशी महाराष्ट्रातली दोन धरणं निवडा आणि उरलेले आकडे वेगळे का आहेत ते सांगा.’ सोबत पाचव्या दिवशी तीन रकान्यांचा तक्ता दाखवायचा. त्याला गुण नाहीत, पण तो दाखवल्याशिवाय निबंध घेतला जात नाही.